विहिरीकाठची वीतभर फिलीम

नातवंडांनो, चंद्राबाई मुरबाडला आमच्या मागच्या आळीत राहतात. त्यांनी दोन दुपारी बसून सांगितलं, ते खाली लिहिलं आहे. मागचंपुढचं मी जुळवलं. बोलणं त्यांचं, ते बदललेलं नाही.

माझा जन्म वैशाखऱ्याचा, म्हणजे गावातला नाय, गावाबाहेरच्या पाड्यावरचा, आमच्या बापाला जमीन नव्हती, पावसाळ्यात दुसऱ्याच्या शेतावर लावणीला जायचं आणि दिवाळी झाली की सगळं बिऱ्हाड डोक्यावर घेऊन रानात कोळशाच्या भट्टीवर. मी आणि माझी धाकटी बहीण गंगू, दोघी कोळशानं अशा काळ्या की आय बोलायची, ह्यांना कोण करून घेईल. तरी घेतल्या बाई करून. गंगूला शहापूरकडच्या शेतकऱ्याकडे दिली, चांगलं घर, दोन बैल, आणि मला तंबूच्या सिनेमावाल्याकडे. आमचे मालक आधी तंबूच्या मेखा ठोकायचे, मंग मशीन चालवायला शिकले, आणि लग्न झाल्यावर मी पण त्याच कामात गेले.

काय काम सांगू तुमाला. संध्याकाळी बायकांच्या बाजूच्या दारावर उभं राहायचं. मधी दोरी बांधलेली, इकडं बाया, तिकडं बाप्ये. आणि दिवसा रिळं उलटी गुंडाळायची. रीळ चालून झालं की त्याचं शेपूट वर येतं, ते हातानं गरगर फिरवून परत तोंड वर आणायचं, नायतर दुसऱ्या दिवशी माणसं उलटी चालतील. फिलीम तुटली तर ब्लेडनं दोन्ही टोकं खरवडायची, औषध लावायचं, दाबून धरायचं. माझा हात बसला होता त्यात, मालकांपेक्षा बरा. त्यामुळं सिनेमा मी दोनदा बघायची, एकदा पडद्यावर आणि एकदा उजेडाला धरून, चित्र चित्र.

आता मालकांचं पण सांगते, ते गेले आता, लपवून काय करू. तंबू शहापूरला लागला की ते तिथं एकीकडं जायचे, पुढं राहायलाच लागले तिथं. सगळ्यांना ठाऊक. मी माझ्या सासूला बोलले तर ती बोलली, पुरुषाची जात हाय, येईल वळणावर, तू दार उघडं ठेव. आले वळणावर. दोन वर्षांनी आले, पिशवी खाली ठेवली आणि जेवायला काय हाय विचारलं. आणि मी काय केलं, पायावर पाणी घातलं. कोणी सांगितलं होतं घालायला? पडद्यावर बघितलं होतं. ती बाई पाणी घालते, पदरानं पाय पुसते, आणि आमच्या बाजूला सगळ्या बाया डोळे पुसतात. मी पण तेच केलं. अजून मला ते आठवलं की बसवत नाय, उठून काहीतरी भांडं घासायला घेते.

मालक परत आले त्या सालात आमच्याकडं दोन सिनेमे होते. एकात नवरा नाचणारणीकडं जातो, सगळं उधळतो, शेवटाला घरी येऊन बायकोची माफी मागतो. दुसऱ्यात बायको जाते. दुसऱ्याबरोबर जाते, चार दिवस, आणि परत येते, तर घरात घेत नायत, मंग ती विहिरीत उडी टाकते. ते रीळ संपलं की बाप्ये बिड्या पेटवत बाहेर पडायचे, बोलायचे, बरं झालं. आमच्या बाजूला बाया रडायच्या आणि त्या पण बोलायच्या, बरं झालं. मी दारावर उभी, अकरा दिवस ऐकलं ते.

आणि ऐका, त्या नवऱ्याच्या सिनेमाचं शेवटचं रीळ किन्हवलीला ओल लागून खराब झालं. माफी मागतो ते सगळं गेलं. मालक बोलले, तसंच दाखवू. दाखवलं. तो घरी येतो, बायको पाणी घालते, संपलं. एका माणसानं विचारलं नाय की माफी कुठाय. आठ दिवस बिनमाफीचा चालला, कोणाच्या ध्यानात पण आलं नाय.

आता गंगू. गंगूचा नवरा पुढं शेती सोडून कल्याणला कामाला लागला, तिथं त्यानं तीन वर्षं एक बाई ठेवलेली. शनिवारी घरी यायचा, तिची सासू त्याचे कपडे धुवायची, कोंबडी कापायची. आणि गंगू एकदा गेली. खोटं बोलत नाय, गेली, भट्टीवरच्या एका मुकादमाबरोबर उंबरमाळीला, नऊ दिवस. दहाव्या दिवशी आपल्या पायांनी परत आली. दाराला आतून कडी. सकाळपास्नं दिवे लागेपर्यंत ओट्यावर बसली, आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता, पण कडी निघाली नाय. मंग माझ्याकडं आली, दोन महिने तंबूच्या मागं माझ्याजवळ राहिली. जास्त बोलायची नाय. रिळं पुसायची.

पौषात म्हसा गावाची जत्रा. आमच्यात सगळे सोयरे तिथं भेटतात, बैल बघायला, घोंगड्या घ्यायला, म्हणून सोयरीक पण तिथंच जुळते आणि काडीमोड पण तिथंच होतो. गंगूच्या सासरचा निरोप आला, जत्रेत बसू आणि मोकळं करू. बसायचं ठरलं सकाळी, आणि आदल्या संध्याकाळी ते सगळे सिनेमाला येणार, जत्रेत येऊन सिनेमा बघितल्याशिवाय कोण जातं? आणि पाटी लागली होती विहिरीवालीची.

मी दुपारी रीळ गुंडाळत होते. गंगू शेजारी. मला एवढंच दिसत होतं की ही माणसं तंबूतून बरं झालं बोलत बाहेर पडतील आणि सकाळी तेच तोंड घेऊन बसायला येतील. मी गंगूला बोलले, जा गो, घागर भरून आण. ती गेली आणि मी ब्लेड घेतलं. विहिरीच्या काठावर ती उभी राहते, तिथून कापलं. उडी, मंग प्रेत, मंग नवरा चितेला हात जोडतो, सगळं पन्नास-साठ हात निघालं, ते गुंडाळून माझ्या पत्र्याच्या पेटीत टाकलं, आणि समाप्तची पाटी काठाला जोडून दिली.

संध्याकाळी तंबू भरलेला. ती चालत गेली, काठावर उभी राहिली, समाप्त. मंग दोरीच्या पलीकडून एक बोलला, अरे मेली कुठं? मंग दुसरा, मंग सगळे, पैसे परत द्या, बाई मेली नाय. हसू नका, बाई, खरं सांगते, मेखा उपटायला निघाले, म्हातारी म्हातारी माणसं. आमच्या मालकांना वाटलं फिलीम तुटली, ते मशीनमधी डोकं घालून शोधतायत. शेवटी तंबूच्या शेठनं नाचणारणीच्या गाण्याचं रीळ लावायला सांगितलं. लावलं. बसले सगळे खाली, टाळ्या वाजवायला लागले.

आमच्या बाजूला मात्र टाळ्या नायत. गंगूची सासू पुढं बसलेली, गंगू मागं माझ्या पायाशी, तोंडावर पदर. सासूनं मान वळवली नाय, पडद्याकडं बघतच विचारलं, कोणाला विचारलं देव जाणे, मेली नाय तर गेली कुठं?

आणि गंगू बोलली. दोन महिन्यांत एवढं मोठ्यानं बोललेली मी ऐकली नव्हती. घरी गेली असंल, बोलली. कडी आतून असंल, म्हणून ओट्यावर बसली असंल.

सासू उठली. चपला शोधल्या आणि गेली.

सकाळी बैलबाजाराच्या कडेला बसले. नवऱ्याचा चुलता बोलत होता, घराण्याचं नाव, चार लोकांत तोंड, असं बरंच. नवरा खाली बघून गवत तोडत होता, त्याला कल्याणचं कोणी विचारलं नाय. मधीच सासू उठली. बोलली, वाल उपटायला माणूस नाय, मी हिला नेते. चुलता बोलला, अगो, पण लोक काय बोलतील. ती बोलली, तुमी येता का उपटायला? झालं. गाडीत बसवलं आणि गेले. सिनेमानं झालं असं मी बोलत नाय, वालामुळंच झालं असंल, मला आजपण ठाऊक नाय.

इकडं शेठनं मला बोलवलं. ओरडला नाय. बोलला, बाई, तिला मी मारत नाय, लोक मारतात, तू आपली जोडून दे. मालक तंबूपाशी येऊन बोलले, तुझं डोकं फिरलंय काय? मी बोलले, किन्हवलीला त्यानं माफी मागितली नाय, तेव्हा तुमचं डोकं शांत होतं. ते मशीनकडं वळले. मंग बोलले, औषधाची बाटली कुठाय. तेवढंच. मेले तोवर तेवढंच.

जोडून दिली मी. संध्याकाळी ती परत मेली, लोक बरं झालं बोलत गेले. पण जोडताना वीतभर मी काढून ठेवली, त्यामुळं पुढं ती काठावर आली की एकदम झटका बसून पाण्यातच दिसायची, थांबायची नाय.

गंगू हाय अजून, नातवंडं हायत. नवरा पुढं सहा वर्षं कल्याणला जातच होता, ही दर शनिवारी पाणी तापवायची. मी चिडून विचारलं, कशाला गो? ती बोलली, ताय, कडी निघाली ना, बास. मला ते पटलं नाय. अजून नाय पटत. पण राहायचं तिला होतं, मला नाय.

ही बघा ती वीत. आता वास मारते आंबट. उजेडाला धरा, अशी. बारा चित्रं हायत, मोजा हवं तर. बाराच्या बारा चित्रांत ती काठावर उभी हाय, पाय उचललेला नाय. तुमच्या नातवंडांना लिहा, सुखी राहा बोलली चंद्राबाई, आणि दाराला कडी लावाल तर कोण बाहेर बसलंय बघून लावा. द्या इकडं, बाई. जास्त उजेड लागला की पुसट होते ती.