पाहुण्याचा चहा

भिवंडीत मेंदूच्या डॉक्टरांकडे नंबर लावून सुनीतीबाई बसल्या होत्या. शेजारी अंजूरचे केसरीनाथ आणि त्यांची बायको राहीबाई पार्किन्सनच्या गोळीवरून घरच्यासारखे भांडत होते.

“गोळी वाढवली तवापासून तुम्हाला घरात माणूस दिसतो, हे डाक्टरला सांगा,” राहीबाई म्हणाल्या.

“न्हाय सांगणार. तो गोळी कमी करंल. मग हात पुन्हा थरथरंल. सदऱ्याची बटणं कोण लावंल?”

“मी लावीन! पण तो माणूस नको. रोज संध्याकाळी सोफ्यावर येऊन बसतो म्हणता.”

“बसतो गपचूप. तुझं काय खातो?”

“खात न्हाय, पण चहा नको त्याला?”

“त्यानं कधी मागितला?”

“मागंल कशाला? घरी आलेल्या माणसाला साधा चहा विचारायचा न्हाय?”

“अगं, तुला तो दिसतो तरी का?”

“न्हाय. तुम्ही बोट दाखवता तिकडं कप ठेवते.”

“आणि पितो कोण?”

“मीच. वतून टाकवत न्हाय. महिना झाला, डोळ्याला डोळा लागत न्हाय. गोळी तुम्ही खाता आणि जागी मी!”

“आता पण आलाय बघ.”

“कुठं?”

“या बाईंच्या पर्सवर बसलाय.”

सुनीतीबाईंनी बाजूच्या खुर्चीवरची पर्स चटकन उचलली आणि रिकाम्या खुर्चीला ‘सॉरी’ म्हणाल्या.

“केसरीनाथ पाटील! पेशंटबरोबर एकानंच आत यायचं,” नर्सनं दारातून हाक मारली.

“राही, तू थांब हितंच,” केसरीनाथ उठत म्हणाले. “याला घेऊन जातो. डाक्टरची खात्री तरी पटंल.”