एकाच ताग्यातले शर्ट

(अर्धापूरजवळचं गाव. दुपार. वैजनाथ केळीच्या बागेतून धावत घरी आला आहे. बायको सिंधु आणि मुलगा सत्यम ओट्यावर.)

वैजनाथ : बागेत कळलं, जमादार मोर्चाचा फोटो घेऊन आला होता. माझं आधार कार्ड दे कपाटातलं. चौकीत जाऊन सांगतो, फोटोतला मानूस मी हाय, पोरगं न्हाई.

सिंधु : आवो, टेका जरा. जमादार आत्ताच गेला. चहा पिऊन गेला.

वैजनाथ : पडताळणीच्या कागदावर काय लिवलं त्यानं? तेवढं सांग. त्याच्यापायी पोराची वनरक्षकाची नोकरी जाईल.

सत्यम : चांगलंच लिहिलं, बाबा. गुन्हा नाही, हरकत नाही. माझ्यासमोर सही केली.

वैजनाथ : आन् फोटो?

सत्यम : मोबाईलवर दाखवला. शेतीला दिवसा लाईट द्या म्हणून मोर्चा गेला ना, त्यावर ड्रोन फिरत होता. तोंड दिसत नाही. टोपी आणि मोरपंखी चौकडीचा शर्ट, एवढंच. त्याच सकाळी स्टँडवरच्या कॅमेऱ्यात मी तसल्याच शर्टात. मशीननं दोन्ही जोडून माझं नाव काढलं. मी नांदेडला होतो म्हणालो, तर म्हणे दुपारपर्यंत परत येता येतं.

वैजनाथ : लाईट मागितली, चोरी केली का आम्ही?

सत्यम : तेच विचारलं मी. तो म्हणाला, मला कशाला विचारतोस, वरून मोर्चातल्या प्रत्येकाचं नाव मागितलंय.

सिंधु : मग मी म्हनलं, साहेब, आमच्या लिंबाजी भावजींनी लेकीच्या, विशाखाच्या लग्नात आख्ख्या भावकीला एकाच ताग्यातलं कापड आहेर केलं. एकोनीस शर्ट हायत गावात. त्याला पटंना. म्हनला, नावं सांगा.

वैजनाथ : सांगितलीस?

सिंधु : येडी हाय का मी? म्हनलं, नावं कशाला, मानसंच बोलावते. फोन केले, त्योच शर्ट घालून या म्हनलं. आधी लिंबाजी भावजी आले. मल्लिकार्जुनअण्णाचा धुन्यात होता, तर वलाच अंगात घालून आले. पाच जन ओळीनं बसले हितं. जमादार एकदा मोबाईल बघतो, एकदा ह्यांच्याकडं.

सत्यम : अण्णांच्या शर्टातून पाणी ठिबकत होतं. जमादाराला हसू आवरेना.

वैजनाथ : लग्नात मी लिंबाजीला कंजूष म्हनलो होतो. जरा येगयेगळं घ्यायचं, म्हनलो.

सिंधु : त्येनी इसरले न्हाईत. आता जाताना म्हनले, दादाला सांगा, बाकीचे चौदा शर्ट आजून शिल्लक हायत.

वैजनाथ : बरं. फोटोत कोन, ते इचारलं का तुला?

सत्यम : विचारलं. तुम्ही कमरेवर हात ठेवून उभे होता, नेहमीसारखे. मी म्हणालो, ओळखत नाही.

वैजनाथ : बापाला वळखत न्हाई म्हनलास?

सत्यम : वरून कधी पाहिलंय मी तुम्हाला?

सिंधु : हसा. सकाळपासून मला तर घास गेला न्हाई.

वैजनाथ : पानी दे जरा, बागेतनं पळतच आलो.

सत्यम : बाबा, त्या दिवशी मी मुद्दाम नांदेडला गेलो होतो. इथं कुणी बघायला नको, पडताळणी अडकायला नको, म्हणून.

वैजनाथ : कळलं होतं मला. बस सुटली तवाच कळलं.

सत्यम : मग अडवलं का नाही मला?

वैजनाथ : कशाला अडवू? मीबी तेच केलं असतं. सोमवारी परत निघून राहिलाय मोर्चा. मी जानार हाय.

सिंधु : जावा. डोक्याला रुमाल बांधा तेवढा.

सत्यम : नेमणुकीचं पत्र एकदा हातात येऊ द्या, बाबा. मग मीही येईन तुमच्यासोबत.

वैजनाथ : तवा तर तू सरकारचा मानूस व्हशील. चल, जेवून घे.