गुरुजी, दोर आणि पाटलांची म्हैस

शाळा सोडली म्हणून मला नावं ठेवता ना? मग आमच्या वडनेरला शिकवत कोण होतं, ते ऐका.

पहिल्या पंचवार्षिक योजनेचे दिवस. गुरुजींनाही गावाचा विकास सुचला. नदीच्या डोहात सुरक्षित कसं पोहावं, ते स्वतः दाखवणार! कमरेला दोर बांधायचा आणि दुसरं टोक काठावरच्या एखाद्या जड वस्तूला. जवळ झाड नव्हतं, म्हणून त्यांनी ते पाटलांच्या म्हशीला बांधलं.

मी म्हटलं, "गुरुजी, म्हैस पाण्यात जाईन ना!"

"शाळा सोडली तू, अन् मले शिकवून राह्यला? बस खाली!"

गुरुजी उतरले. ऊन रणरणत होतं, म्हैसही उतरली आणि थेट खोल पाण्यात निघाली. मागून गुरुजी कधी दिसत, कधी दिसत नसत. काठावरचे म्हातारे टाळ्या पिटत होते. "वा! काय दम हाये गुरुजीत!"

शेवटी एकाच्या हातचा विळा हिसकावून मीच उडी मारली, दोर कापला आणि गुरुजींना बखोटीला धरून काठावर आणलं. पोटातलं पाणी ओकून झाल्यावर ते म्हणाले, "पाह्यलं? हा पहिला धडा. दुसरा उद्या."

मी म्हटलं, "उद्या म्हशीलेच शिकवू द्या, गुरुजी. तिले पोहता येते."