मोज्यांच्या कव्हरातले पान

माझे नाव ठाण्याच्या नोंदवहीत लिहून घेतले आहे. गल्लीत मला बटणकाका म्हणतात, बहुतेकांना तेवढेच ठाऊक. वय ७२ वर्षे. धंदा लोकर, सुया, बटणे व शिवणसामान यांचे दुकान, सध्या बंद. राहणार त्याच दुकानाच्या वरच्या मजल्यावर, येत्या अठ्ठावीस तारखेपर्यंत. नंतर मुलीकडे.

कोणी बोलावले नसताना मी आपल्या पायांनी ठाण्यात आलो असून सांगतो की,

वरील पत्त्यावर मी व माझी पत्नी, वय ६९, असे दोघेच राहतो. बसथांब्यावर गळ्यात पेटी अडकवून बटणे विकण्यापासून मी सुरुवात केली. दुकान माझ्या हिकमतीवर चालले असे लोक म्हणतात व मीही कधी नाही म्हटले नाही. खरे म्हणजे दुकान पत्नीच्या पुस्तिकांवर चालले. तिला विणकामाच्या जुन्या नमुन्यांच्या पुस्तिका जमवण्याचा नाद. बंद पडणारी दुकाने, लोकर कंपन्यांचे विक्रेते, जुन्या मासिकांची पाने, कुठून कुठून आणायची. काही तिच्या जन्माच्या आधीच्या. लोकरीची एक गुंडी मागायला आलेल्या बाईला ती एक चित्र दाखवायची आणि बाई बारा गुंड्या घेऊन जायची. साहेबांनी विचारल्यावरून सांगतो की पुस्तिका एकूण ६११, पत्र्याच्या एका ट्रंकेत. प्रत्येकीच्या पाठीवर तिच्या हातचा नंबर आहे.

पत्नीला दोन वर्षांपासून विस्मरणाचा आजार आहे. डॉक्टरांचा कागद सोबत जोडला आहे. मुलीला ती कधी मुलगी म्हणते, कधी ‘त्या बाई’ म्हणते. मात्र विणकामाचे पान समोर असले की चुकत नाही. एक ओळ झाली की पानावर पेन्सिलने बारीक रेघ मारायची, मग पुढची ओळ. रेघ सांगेल तिथून ती सुरू करते. माझे कान चांगले आहेत. शेजारच्या खोलीत दाढी करत असलो तरी सुयांच्या आवाजावरून ओळ सुलट चालली आहे की उलट, हे मला कळते. रोज सकाळी दहा ते बारा ती विणत असे, मग पुस्तिका परत ट्रंकेत ठेवत असे. त्या दोन तासांत ती मला नावाने ओळखत असे.

सध्या सुईवर माझा स्वेटर आहे. वेणीच्या नक्षीचा, राखाडी. पाठ, पुढचे दोन्ही भाग व एक बाही पूर्ण. दुसऱ्या बाहीच्या अडतीस ओळी झालेल्या. मला स्वेटरची गरज नाही, घरात अकरा आहेत.

मुलीचे घर लहान आहे. ती म्हणाली, “बाबा, आई येईल, तुम्ही याल, ट्रंक आली तर मला जिन्यात झोपावं लागेल.” आम्ही हसलो. पत्नीला त्या दिवशी बरे होते. ती स्वतः म्हणाली, “अहो, द्या कुणाला तरी. पण माणूस बघून द्या. भिंतीवर लावणाऱ्याला नको.” म्हणून मी दुकानाच्या दारावर कागद लावला.

तिघेजण आले. एकाला हॉटेलात चौकटी करून लावायच्या होत्या. दुसरीला फक्त चित्रे कापून हवी होती. दोघांना मी गोड बोलून वाटेला लावले. मंगळवार दिनांक ९ रोजी दुपारी साडेचारच्या सुमारास एक बाई आल्या. त्यांनी एक पुस्तिका उघडली, ओळीवर बोट ठेवले व तोंडातल्या तोंडात टाके मोजू लागल्या. मी ऐकत होतो. मोजणी बरोबर होती. पन्नास वर्षे गिऱ्हाईक पारखले आहे, हाच माणूस असे मला वाटले. काही मोबदला न घेता मी ट्रंक दिली. टॅक्सीत चढवायलाही मीच हात लावला.

साहेबांनी विचारल्यावरून सांगतो की बाईंचे नाव, पत्ता, फोन मी विचारला नाही. विचारले असते तर त्यांच्यावर संशय घेतल्यासारखे झाले असते. चेहरा नीट सांगता येत नाही. आवाज ओळखीन. वाक्याचा शेवटचा शब्द त्या जरा लांबवतात. टॅक्सीचे मागचे दार दोनदा आपटल्याशिवाय लागत नव्हते.

ट्रंक देण्यापूर्वी चालू स्वेटरची पुस्तिका मी बाजूला काढून ठेवली होती. कव्हरवर राखाडी स्वेटर घातलेला पुरुष आहे, नंबर २०७. मी कव्हर बघून ठेवली. उघडून बघितली नाही.

बुधवारी दहा वाजता पत्नीने ती उघडली. आत तान्ह्या बाळाच्या मोज्यांची पाने होती.

याचा खुलासा असा की पत्नीची एक जुनी खोड आहे. दुकानात येणाऱ्या बायका “द्या ना वहिनी दोन दिवस” म्हणून चांगला नमुना नेत आणि परत आणत नसत. म्हणून विणायला घेतलेल्या नमुन्याची आतली पाने ती मोज्यांच्या कव्हरात घालायची आणि मोज्यांची पाने या कव्हरात. नेणारी घरी जाऊन मोजे विणत बसायची. ही युक्ती मला ठाऊक होती. चाळीस वर्षे मी त्यावर हसत आलो. मंगळवारी आठवली नाही. विसरण्याचा आजार पत्नीला आहे, मला नाही, हे कृपया नमूद करावे.

स्वेटरचे पान मोज्यांच्या कव्हरात, ट्रंकेतून गेले.

ठाण्यातील हवालदार ताईंना विणकाम येते. त्या म्हणाल्या, “काका, एक बाही तयार आहे ना? तिचे टाके मोजून दुसरी करता येते.” बरोबर आहे. मुलीने मोजून स्वच्छ कागदावर उतरवूनही दिले. पत्नी म्हणाली, “ह्यावर माझ्या रेघा नाहीत. हे माझं नाही.” मग मी तयार बाही तिच्या हातात दिली. तिने ती उलटसुलट करून पाहिली व म्हणाली, “कुणाचा हात आहे हो? सुरेख आहे. माझा असा बसत नाही.”

तेव्हापासून सहा दिवस ती दहा वाजता खुर्चीत बसते. सुया हातात असतात. आवाज येत नाही.

साहेब म्हणाले, “काका, तुम्ही स्वतःच्या हातांनी दिलंत. बाईंनी चोरलं नाही, फसवलं नाही. मी लिहू काय?” माझे त्यावर म्हणणे नाही. त्या बाईंविरुद्ध माझी कसलीही तक्रार नाही, त्या चांगल्याच असाव्यात. पान मिळावे, एवढेच. ते त्यांना हवे असल्यास झेरॉक्स चालेल, फक्त पेन्सिलच्या रेघा उठल्या पाहिजेत. घाई अशासाठी की परवा ती मला “दुकान कधी उघडणार, दुकानदार?” असे म्हणाली.

घरी एकटे ठेवता येत नसल्याने पत्नीला मी सोबत आणले आहे. हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवताना ती बाकावर माझ्याशेजारी बसली होती व लक्ष देऊन ऐकत होती. वाचून झाल्यावर तिने मला विचारले, “काय हरवलंय बिचारीचं?” मी सांगितले, पान. ती साहेबांना म्हणाली, “शोधा हो लवकर. अर्धी बाही सुईवर ठेवून बसली असेल ती.”

हे शेवटचे तीन शब्द मी सांगितल्यावरून जोडले आहेत: ती म्हणजे हीच. बाकी सर्व मी बोललो तसेच उतरले आहे. ऐकले, पटले, खाली सही केली.