पिल्लाचा अ‍ॅम्प्लिफायर आणि माझं अर्धं मिनिट

नाही, पण अर्धं मिनिट म्हणजे असा कितीसा वेळ हो? तुम्हीच सांगा! अर्ध्या मिनिटात धड जांभई देऊन होत नाही, दुसरी चप्पल सापडत नाही, आमच्या हिला 'ठेवते हं, ठेवते' म्हणून फोन ठेवता येत नाही... आणि त्या अर्ध्या मिनिटापायी मला या वयात, माझ्याच घरात, पंखा दुरुस्त करायला आलेल्या माणसासमोर मान खाली घालून उभं राहावं लागलं! बरं, चूक माझी नाही असं मी म्हणतच नाही. माझीच आहे. तेच तर दुखणं आहे! दुसऱ्याची असती तर मी तुमचा एवढा वेळ घेतला असता का? म्हणजे घेतला असता, पण मजेत घेतला असता.

तर तुम्हाला सांगतो, आमच्या बाहेरच्या खोलीत खिडकीखाली एक पेटी होती. गुडघ्याच्या वर येईल एवढी. काळं रेक्झिन, कोपऱ्यांवर फाटलेलं. पुढून तपकिरी जाळीदार कापड, वर चामड्याची मूठ, आणि एका ओळीत सहा बटणं, त्यांच्याभोवती एक ते दहा आकडे. गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर. गिटारची वायर त्यात खुपसायची, की गिटार खोलीभर ऐकू येते. आमच्या मेहुण्याचा, म्हणजे हिच्या धाकट्या भावाचा. त्याला माझ्या सासरी सगळे पिल्लू म्हणतात. पिल्लाचं वय एकोणसाठ.

बावीस वर्षांपूर्वी पिल्लाची बदली झाली, तेव्हा ते म्हणालं, "भाऊजी, चार दिवस तुमच्याकडे ठेवतो हं, जागा मिळाली की नेतो." आता मला सांगा, घरात कुणी एखाद्या वस्तूला नुसतं बसू देतं का? आधी त्या पेटीवर फोन आला. मग इस्त्रीचे कपडे आले. मग रद्दी. मग हिने वर भरतकामाचा रुमाल अंथरला आणि पेटीचं स्टूल झालं. बल्ब बदलायचाय? चढा त्यावर. बुटाची नाडी बांधायचीय? बसा त्यावर. त्या पेटीने बावीस वर्षांत आमच्या घराण्याचा जेवढा भार उचलला तेवढा मी उचलला नाही, असं ही म्हणते. म्हणू दे.

आता मुद्द्यावर येतो. पिल्लू बदलीच्या गावी जाऊन तीन महिने झाले असतील, एके दिवशी सकाळी फोन. आवाज असा, की जसं काही पळत येऊन बोलतंय. "भाऊजी! इथे एक वाद्यवृंद आहे, मोठा आहे हो, त्यांचा गिटारवाला सोडून गेला! मला शनिवारी वाजवून दाखवायला बोलावलंय! टेम्पोवाला पाठवतो, अ‍ॅम्प तेवढा त्याच्याकडे द्या. आणि भाऊजी, पाठवण्याआधी जरा चालू करून बघाल? वायर लावा, तिचं मोकळं टोक बोटाने धरा. घुंईऽऽ असं वाजलं, की झालं!"

मी रिसीव्हर बाजूला ठेवला. बटण दाबलं. लाल दिवा लागला. वायरीचं टोक धरलं. काही नाही. मनात दहा आकडे मोजले. खरं सांगायचं तर सातावरून थेट दहावर गेलो, कारण घड्याळात दहाला दहा कमी होते आणि माझा डबा अजून भरायचा होता. बटण बंद केलं, फोन उचलला आणि म्हटलं, "गेला रे."

"कोण?"

"तुझा अ‍ॅम्प. आवाजच नाही."

पलीकडून हळूच, "बरं." एवढंच! टेम्पो आला नाही. शनिवारी पिल्लू तिकडे गेलं नाही. गिटार खोळीत घालून कपाटावर ठेवली. पुढे पिल्लाने वजनमापं तपासायच्या खात्यात चांगलं काम केलं, बढती घेतली, टक्कल पाडून घेतलं, सगळं वेळच्या वेळी केलं, पण गिटार हातात घेतलेलं कुणी पाहिलं नाही. मी म्हटलं, हौस असते, ओसरते. मला काय ठाऊक की मध्ये अर्धं मिनिट अडकलंय!

हो, अर्धं मिनिट! तिकडेच येतोय.

गेल्या महिन्यात घराला रंग द्यायचं ठरलं. हिने भंगाराची यादी करायला लावली. मी केली. 'बंद पेटी, एक.' भंगारवाला सोमवारी यायचा होता. आणि शनिवारी पंखा बघायला आले आमचे रेडिओवाले. सत्तरी उलटलेला माणूस. दुकानावर अजून रेडिओची पाटी, आत सगळे मिक्सर. मी म्हटलं, "बसा," आणि पेटीवर थोपटलं. ते बसायला वाकले, आणि निम्म्यात थांबले. बूड हवेत, हात गुडघ्यावर, नजर त्या जाळीदार कापडावर! मला वाटलं, उसण भरली.

"हा कुणाचा?"

"मेहुण्याचा. बंद आहे. सोमवारी भंगारात जाणार."

"भंगारात?" त्यांनी रुमाल असा दोन बोटांनी उचलला, जसं काही झोपलेल्याच्या तोंडावरचं पांघरूण. "साहेब, घरातली वडीलधारी माणसं भंगारात देता का?"

"वडील जाऊन वीस वर्षं झाली."

"मग सुटले ते!"

बघा, पंख्याला आलेला माणूस! पंखा राहिला बाजूला. गडी मांडी ठोकून बसला, पेटीचं पाठचं फळकूट उघडलं, बॅटरी दातांत धरली आणि आत बघत नुसता "अहाहा... अहाहा..." करत सुटला. दातांत बॅटरी असताना 'अहाहा' कसं ऐकू येतं, ते एकदा करून बघा. मला म्हणाले, "या, बघा तरी." मी वाकलो. आत धुळीत काचेच्या नळ्या, लहान-मोठ्या, एका ओळीत, वर्गातली पोरं फोटोला उभी राहावीत तशा. "सगळे व्हॉल्व्ह मूळचे! एक बदललेला नाही! आणि हे बघा, एकेका तारेला हाताने डाख दिलाय, आणि वळण कसं दिलंय? मुलीची वेणी घालावी तसं! ज्याने हे केलं त्याला घरी जायची घाई नव्हती, साहेब. आताचे डबे उघडा, आत नखाएवढा तुकडा. बिघडला की फेका. याच्यात बिघडायला काय आहे? बंद आहे म्हणता, चालू करून पाहिला होता?"

"पाहिला की."

"किती वेळ?"

आता काय सांगू तुम्हाला! आयुष्यात मला इतका साधा प्रश्न कुणी विचारला नव्हता आणि इतका जड गेला नव्हता. म्हटलं, "दहापर्यंत मोजलं."

त्यांनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. "व्हॉल्व्हचा आहे हा. त्याला आधी तापावं लागतं, मग तो बोलतो. अर्धं मिनिट द्यावं लागतं."

आणि स्वयंपाकघरातून आवाज, "म्हणजे यांच्या वडिलांच्या रेडिओसारखं?" ...बायका कान कुठे ठेवून काम करतात, कळत नाही! पदराला हात पुसत ही बाहेर. "अहो, मी नवीन लग्न होऊन आले तेव्हा बातम्यांच्या आधी सगळ्या घराला तुम्हीच दरडावायचात ना, 'थांबा, हात लावू नका, तापतोय अजून'?"

दरडावायचो! मीच दरडावायचो! मग ट्रान्झिस्टर आले, कान पिळला की बोलायला लागले, आणि माझी सवय गेली. आणि मी कोण? चौतीस वर्षं खिडकीच्या आत बसून बाहेरच्यांना 'थांबा' म्हणणारा! 'थांबा, साहेब जेवायला गेलेत. थांबा, कागद वर गेलाय.' हजारो माणसं थांबवली हो मी, उन्हातान्हात! आणि स्वतःला थांबायचं होतं किती? अर्धं मिनिट!

रेडिओवाल्यांनी पिशवीतून एक बल्ब काढून वायरीत मध्येच जोडला. म्हणाले, "बावीस वर्षं झोपलेल्याला लाथ मारून उठवायचं नसतं. करंट जरा जरा जाऊ दे." बटण दाबलं. लाल दिवा. मी मोजत होतो, या वेळी एकही आकडा न गाळता. दहा... काही नाही. बघा, इथे मी बंद केला होता. पंधरा... वीसच्या सुमारास त्या नळ्यांच्या पोटात काहीतरी हललं. आधी नुसती लाली, मग नारिंगी, राखेवर फुंकर घातल्यावर निखारा दिसतो तशी. तापल्या धुळीचा वास सुटला. सव्वीस, सत्तावीस... रेडिओवाल्यांनी वायरीचं टोक बोटाने धरलं.

घुंईऽऽऽ!

खिडकीची काच थरथरली हो! ते हसले, "दोन कंडेन्सर आत्ताच बदलतो. बाकी ठणठणीत." आणि हिने माझ्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं, रागाची मला सवय आहे. ही हळूच म्हणाली, "त्या शनिवारसाठी पिल्लाने नवा शर्ट शिवला होता. त्याच्या बायकोने सांगितलं होतं मला."

झालं! रात्रभर तो शर्ट डोळ्यांसमोर.

सकाळी फोन केला. करायचा म्हणून केला, पण तोंडातून काय निघालं? "पिल्लू, तुझा अ‍ॅम्प दुरुस्त करून घेतला रे!" दुरुस्त! शब्द आपोआप आला. चौतीस वर्षांचा सराव, चूक कागदावर आली की आपली नाही अशी लिहायची. आणि पिल्लू? निवृत्त होऊन वर्षभरापूर्वी याच गावात आलंय, तासाभरात दारात! खांद्यावर गिटार, तिला नव्या तारा, डोळ्यांत पाणी. आल्या आल्या माझे दोन्ही हात धरले. "भाऊजी, माझ्या सख्ख्या भावाने केलं नसतं! तुम्ही माझ्यासाठी एवढं..."

आता मला सांगा, शिव्या सोसता येतात, पण असले आभार सोसतात का? एकोणसाठ वर्षांचं पिल्लू, हात धरून उभं, आणि मागे ही, हाताची घडी घालून. मी म्हटलं, "हात सोड रे. तो कधी बिघडलाच नव्हता. मी दहापर्यंतसुद्धा मोजलं नाही. सात."

मला वाटलं, आता गिटार डोक्यात बसणार, आणि बसावीच.

पिल्लू पेटीवर बसायला गेलं, मग आठवण झाल्यासारखं जमिनीवर बसलं. म्हणालं, "भाऊजी, अ‍ॅम्प माझा. तो तापायला किती वेळ लागतो, हे मला ठाऊक नसेल? तुम्ही फोन बाजूला ठेवल्यावर मी इकडे कानाला लावूनच होतो. बटणाचा टक आवाज आला, आणि लगेच दुसरा टक आला. मला कळलं होतं, तुम्ही थांबला नाहीत."

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर शनिवारी जावं लागलं असतं." ते गिटारच्या तारा पुसायला लागलं. "फोन केला त्याच्या आदल्या रात्री झोपलो नव्हतो. नापास केलं तर? तुम्ही 'गेला' म्हणालात आणि... मोकळं वाटलं हो मला. आणि मग बावीस वर्षं तुमच्या नावावर खपवलं. घरी, दारी, सगळीकडे. 'भाऊजींनी सांगितलं, अ‍ॅम्प गेला, नाहीतर...'"

हरामखोर! म्हणजे मी नव्हे हो, ते! म्हणजे दोघंही! माझी रात्र गेली त्या शर्टापायी, आणि हे म्हणे मोकळं! मी ओरडणार होतो, पण ही एकदम फिस्सकन हसली, आणि मग पिल्लू, आणि मग माझाही राग कुठल्या कुठे गेला.

मग पिल्लाने वायर लावली, बटण दाबलं, आणि आम्ही थांबलो. तिघंही, मुकाट्याने. आणि तुम्हाला सांगतो, त्या पेटीतून जो पहिला सूर आला ना... मला गाण्यातलं कळत नाही. पण बोट हलकं लागलं तर तो सूर शेजारी बसून बोलल्यासारखा, आणि जोरात लागलं की कडेला जरा फाटायचा, रडून घसा बसलेल्या माणसाने हाक मारावी तसा. बोटातलं सगळं कळत होतं, भीतीसुद्धा. असल्या चिजेवर मी बुटाची नाडी बांधत होतो! मी उठून आत गेलो. डोळ्यांत धूळ गेली होती. धूळ होतीच खोलीत.

इथे संपलं असतं तर किती बरं झालं असतं!

पिल्लाच्या घरी जागा नाही, म्हणजे त्याच्या बायकोच्या मते नाही. त्यामुळे अ‍ॅम्प इथेच. पिल्लू दर रविवारी सकाळी नऊला हजर. एकच गाणं वाजवतं, त्या शनिवारी वाजवायचं होतं ते. बावीस वर्षांनी बोटं अशी झालीत की जशी काही हातमोजे घालून आलीत. तिसऱ्या ओळीत चुकतं, "सॉरी, भाऊजी," म्हणतं, आणि पुन्हा पहिल्यापासून! साध्या यंत्रात चूक झाकली तरी जाते, पण हा पडला अस्सल माल, एकेक चूक स्वच्छ, ठसठशीत, जिन्यापर्यंत. आणि मी काही बोलू शकतो का? कुठल्या तोंडाने? ही तर डोळे मिटून म्हणते, "किती सुधारलंय ना पिल्लू?"

परवा रेडिओवाले रस्त्यात भेटले. मी त्यांना जरा बाजूला घेतलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "अहो, जुनी वस्तू आहे... असा किती दिवस चालेल म्हणता?"

त्या भल्या माणसाने माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, "जीव लावलात हो त्याला! मुळीच काळजी करू नका. सुटे व्हॉल्व्ह आहेत माझ्याकडे, दोन जन्म पुरतील एवढे."

काय करणार? म्हटलं, "आभारी आहे."