आवाज तं तुहाच होता

...आता माहा काय गुन्हा हाय यात, तुमीच सांगा. बगीचा देतो असं म्या म्हटलं? म्हणजे, म्हटलं. म्याच म्हटलं. पण भोंग्यात म्हटलं ना बापा! रिक्षात बसून, माइक हातात धरून. पुढं एजाज रिक्षा चालोते, मांगं मी बोलतो. चार निवडणुका झाल्या, आमच्या गावात प्रचाराचा आवाज एकच, या उकंडरावचा. उमेदवार बदलते, चिन्ह बदलते, पक्ष तं चहा थंडा होयपर्यंत बदलते, आवाज तोच. अन् लोकं, तुमाले सांगतो, लोकं नगरपरिषदेत जात नाईत, निवडून आलेल्याच्या बंगल्यावर जात नाईत, माह्या दारात येते. बगीच्याचं काय झालं, उकंडराव? अरे मले काय माईत? तं म्हणे, काहून? आवाज तं तुहाच होता.

घ्या.

बाजारचौकात भाजी घ्याले जाची सोय नाई. तिथं कमरुन्निसाभाभीचं बांगड्याचं दुकान हाय, नाली तुंबली का पाणी पायरीवर. बाई गिऱ्हाईक सोडून मले हाक मारते, उकंडभाऊ, चौक में फरशी डालने वाले थे ना तुम? आता मी कायची फरशी टाकतो भाभी, माह्या न्हाणीतली फरशी दोन वर्षापासून उखडेल हाय... तं ते शांतपणे म्हणते, आवाज तो तुम्हारीच थी.

पहिल्या खेपेले होता बगीचा अन् घसरगुंडी. दुसऱ्या खेपेले बगीचा, घसरगुंडी अन् कारंजं. तिसऱ्या खेपेले कारंज्याले रंगीत लाइट, चौकात बाकडे, हातगाड्याइले येगळी जागा, फुटपाथ... चौथ्या खेपेले म्या कागद पाह्यलाच नाई, पाठ होतं सारं! अन् झालं काय? कमान झाली. बाजारामागच्या पडीत जाग्यावर मोठी सिमेंटची कमान, तिच्यावर नावं एवढे का पाखराले बसाले जागा नाई. कमानीच्या आत काय हाय? बाभळी. अन् कोनाच्या तरी चार बकऱ्या.

बाकीच्याइचं जाऊ द्या. घरी बसेल हाय ना माही रत्नमाला. माहेर तिचं रिठद, वावराच्या बांधानं, धुऱ्या-धुऱ्यानं चालेल बाई ते, मले मांगं टाकत जाये. आता गुडघे गेले. मालेगावचा डॉक्टर म्हणे, रोज अर्धा घंटा सपाट जाग्यावर चाला, नाईतं पाय कायमचे धरतीन. चाला! कुठी चाला? रोडवर फटफट्या, चौकात चिखल. कमानीचं उद्घाटन झालं त्या दिवशी नवी चप्पल घालून गेलती बिचारी. कमानीतून आत गेली, दहा पावलं चालली, चपलीतून काटा आरपार. घरी आली, काटा काढला, मले एक शब्द नाई बोलली. बोलली असती तं बरं झालं असतं ना! आता चुलीपासून दारापर्यंत अन् दारापासून चुलीपर्यंत चालते, भित्तीले हात लावून. मी समोर बसतो अन् मान खाली घालतो. तिनं नाई म्हटलं तरी मले ऐकू येते, आवाज तं तुहाच होता.

अन् यंदा आला सतीश. नवा उमेदवार, कडक इस्त्रीचे कपडे घालेल पोरगा. म्हणे, काका, यंदा वचनं-फिचनं नाई, यंदा प्राधान्यक्रम! एक नंबर बगीचा, दोन नंबर बाजारचौकाचा कायापालट. म्या आयुष्यात पहिल्यांदा उमेदवाराले प्रश्न इचारला. म्हटलं, बाभळी कोन तोडन? तं तो म्हणे, ते पुढं पाहू ना काका, तुमी आधी बोला तं खरं.

डोकं फिरलं माहं. त्याचा प्रचाराचा कागद त्याच्याच हातात वापस देल्ला, उठलो, गेलो अन् स्वतःचा फारम भरून आलो. अपक्ष. घरी सांगतलं नाई, कोन्त्या तोंडानं सांगू?

दुसऱ्या दिवशी निघालो. तोच एजाज, तीच रिक्षा, तोच भोंगा. अन् तुमाले सांगतो, चार निवडणुकीत कधी नाई झालं ते झालं, बोलता बोलता मी अडखळलो. कारण खरं बोलून राह्यलो होतो ना! आधी बाभळी तोडीन, मंग चालाची वाट, सपाट, म्हाताऱ्या मानसाले धराले कठडा... एजाज मांगं वळून पाहे, गला खराब है क्या म्हणे.

रिक्षा माह्याच दारापुढं आली. रत्नमाला भित्तीले धरून बाहेर आली, पायरीवर बसली, सारं ऐकलं. मंग म्हणे, "लय चांगलं बोलले जी आज. यंदा कोन उभं हाय?"

म्या माइक बंद केला. म्हटलं, "मीच उभा हावो."

गुडघ्यावरून हात फिरोत बसली. मंग म्हणे, "खरंच करसान?"

"तुही शपथ."

"मंग आवाज दुसऱ्याचा लावा."

तं आता माइक एजाजच्या हातात हाय, अन् उमेदवार रिक्षा चालोते.