सत्यवतीबाईंच्या बसण्याचं माप

...आणि वरून म्हणतात काय, तर जशी होती तशी कर! अहो, पण जशी होती तशी म्हणजे कशी, ते तरी सांगा! अर्धी उंदरांनी खाल्लेली, उरलेली उन्हानं पापडासारखी तडकलेली, आत घोड्याचे केस, केसांत मुंग्या, आणि डाव्या कडेनं एक स्प्रिंग वर आलेली, नागानं फणा काढावा तशी... ही सीट! आणि उत्तमराव काठी टेकून मला सांगतात, "भगवंता, जशी होती तशी कर. सव्वीस सालची. कमी नाई, जास्त नाई."

तुम्हाला सांगतो, मी काही बोलणारा माणूस नाही. चौथीत गुरुजींनी उभं करून कविता म्हणायला लावली, तेव्हा जो शाळेतून पळालो तो अमरावतीच्या इतवाऱ्यात येऊन शिवणकामालाच बसलो. सुईशी बोलावं लागत नाही ना, म्हणून! टांग्याचं छत, बैलांच्या दमणीत टाकायची गादी, हे माझं काम. मोटार कशाला येते माझ्या वाटेला?

आणि ही मोटार तरी मोटारीसारखी आहे का? विलायतेची, शर्यतीची, बुटकी, लांब नाकाची, आणि बसायला जागा किती? दोन! अहो, आपल्याकडे दोन माणसांसाठी कोणी गाडी घेतं का? लेकरं कुठं बसणार? वाटेत पाव्हणा भेटला तर त्याला काय सांगणार? पण उत्तमरावांनी घेतली, ऐन जवानीत. वरूडच्या त्यांच्या संत्र्याच्या बगीच्यातली माणसं अजून सांगतात, गाडी दिसायचीच नाही म्हणे, नुसता धुरळा दिसायचा! नागपूरच्या एका साहेबाची मोटार त्यांनी मागं टाकली, तर साहेबानं टोपी काढून सलाम केला. आता टोपी वाऱ्यानं उडाली की साहेबानं काढली, ते देव जाणे... पण काय दिवस असतील ते!

मग आलं एकतीस साल. सत्यवतीबाई, म्हणजे उत्तमरावांची बायको, नवं लुगडं नेसून शेजारी बसलेल्या, चालल्या माहेरी, अकोल्याला. मूर्तिजापूरजवळ ती स्प्रिंग वर आली आणि लुगडं टर्रकन... बाई उतरल्या. पदर सावरला, स्टेशनापर्यंत चालत गेल्या आणि रेल्वेत बसल्या. पंधरा वर्षं झाली, त्या गाडीला बाईंनी लुगड्याचा काठ लागू दिला नाही!

मला काय, मी आपलं काम सुरू केलं. दारांच्या आतलं कातडं बदललं, पायाखालचं जाजम नवं टाकलं, पुढच्या घड्याळांच्या लाकडी फळीला जवसाचं तेल चोळचोळून चकाकी आणली. सीटला हात घालणार तेवढ्यात उत्तमराव जवळ आले, इकडेतिकडे पाहिलं, आणि हळूच म्हणाले, "कोनाले सांगू नको. डोयात मोतीबिंदू हाये. डॉक्टर म्हनते, दिवाळीपावतर चालवा, मंग डायवर ठेवा. अन् डायवर ठेवला त सत्यवती बसन कुठी? बॉनेटवर?"

मी फळीवर तेल चोळत राहिलो.

"एक डाव तिले बाजूले बसवून अकोल्याले नेतो. बस्स. बसली पायजे ती. जशी होती तशी कर!"

मी मान डोलावली. मान काय, मी कशालाही डोलावतो! पण दुकानात आलो आणि डोक्यात किडा वळवळला. अहो, जशी होती तशी होती, म्हणूनच तर बाई उतरल्या ना? सीट उसवून पाहिली, तर दोन्ही कडांना उंच कठडा. साहेब बसणार पाय लांब सोडून, त्याला ठीक आहे. पण बाई बसतात कशा? कळणार कसं? मी घरच्या वहिनीशी वर मान करून बोलत नाही, आणि उत्तमरावांच्या घरात जाऊन बाईंच्या बसण्याचं माप घेऊ? शेवटी धीर केला आणि कामवाल्या वच्छलाबाईंना अगदी कानात विचारलं. तर त्या माउलीनं काय करावं? तिथूनच हाळी दिली,

"बाईऽऽ! हा शिवनारा पोट्टा इचारून राहिला, तुमी बसता कशा मनून!"

धरणी दुभंगावी म्हणतात ना... दुभंगली नाही. आतून उत्तर आलं,

"त्याले सांग, मी बसतच नाई त्या गाडीत!"

तीन दिवस मी त्यांच्या अंगणात मोटारीच्या दाराचे खिळे मोजत बसलो, तुम्हाला सांगतो, नुसते मोजत! तिसऱ्या दिवशी बाई ओट्यावर वाती वळत बसल्या. मी डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं... उजवा पाय अंगाखाली मुडपलेला, डावा गुडघा उभा. आपल्या आया बसतात तशा! म्हणजे गाडीतही गुडघा टेकणार कुठं? त्याच कठड्यावर! स्प्रिंगचा काय दोष हो? पाच वर्षं ती बिचारी त्या गुडघ्याचा भार सोसत होती!

कापला कठडा. सीट चार बोटं रुंद केली, घोड्याचे केस धुऊन खाली, आणि वर आपल्या वऱ्हाडचा कापूस, पिंजून पिंजून, सायीसारखा.

उत्तमरावांनी पाहिलं मात्र! "हे काय केलं बे? कठडा कुठी गेला? मोटारीची सीट हाये का दमणीची गादी? जशी होती तशी सांगतली होती ना तुले?"

आणि काय सांगू, मी बोललो. मी! "मालक, सव्वीस सालची सीट साहेबासाठी होती जी. बाईसाठी ते कधी नव्हतीच."

मागून बाई आल्या. भाकर थापावी तशी तळव्यानं सीट दाबून पाहिली. मग चढल्या, उजवा पाय अंगाखाली घेतला, डावा गुडघा उभा केला, पदर घेतला आणि समोर पाहत म्हणाल्या, "चाला आता. ऊन वाढून राहिलं."

दुसऱ्या दिवशी उत्तमराव माझ्या दुकानात. तोंड हे एवढं! मला वाटलं, टोचलं.

"झोपली," म्हणाले.

"कोन जी?"

"अबे, सत्यवती! मूर्तिजापूरपावतर दोघंयी गुपचूप. ते जागा आली, मी श्वास धरला. गेली. म्हनलं, आता बोलतो. पंधरा वर्षांचं बोलनं साचलं होतं माह्याजोळ! पायतो त माह्या खांद्याले डोकं लावून ढाराढूर!"

"मंग उठवलं काहून नाई जी?"

"घरी झोप येते काय तिले? रातभर जागते बिचारी. अन् अथी झोपली त मी उठवू? गेर टाकला खालचा, अन् चाललो खड्डे चुकवत बैलाच्या चालीनं. टांगे पुढे गेले, सायकली पुढे गेल्या, बोरगावपाशी बकऱ्या पुढे गेल्या! अकोल्यात डोये उघडले, अन् म्हनते काय... 'आलं बी अकोला? केवढी पयवता बाप्पा अजून!'"

आणि हसले हो उत्तमराव! धुरळा उडवणाऱ्या त्या जवान पोरासारखे हसले. डोळे पुसत म्हणाले, "मोतीबिंदूनं पानी येते."

झालं ते छानच झालं. पण मूर्तिजापूरपासून अकोल्यापर्यंत साऱ्या रस्त्यानं पाहिलं ना, बकऱ्या पुढे गेलेल्या! वऱ्हाडातली सगळ्यात जोरकस गाडी, तिच्यात नवं काय झालं? सीट! मग लोक काय म्हणणार? भगवंतानं सीट शिवली आणि गाडी बसली! आता सांगू काय? डोळ्यांचं सांगायचं नाही, बाईंच्या झोपेचं तर मुळीच नाही. गप्प बसलो. ते मला चांगलं जमतं. परवा सूर्यभान आला, शंकरपटाच्या शर्यतीत बैल पळवतो तो. त्याच्या बैलांच्या झुली मी अर्ध्या शिवून ठेवल्या होत्या. तशाच काखेत मारल्या आणि म्हणाला,

"राहू दे बाप्पा, भगवंता. माहे बैल झोपतीन."